ख्रिसमस आयलंडची पाकोळी नक्की कशी संपली?

मृण्मयी_कुडाळ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे म्हणून आधी थोडं सांगते. आमचं कुडाळजवळचं घर जुनं कौलारू आहे आणि माजघराच्या वर कौलांखाली पाकोळ्या राहतात. म्हणजे ती चिमुकली वटवाघळं, दिवेलागणीला वळचणीतून एकेक करून सुटतात आणि पहाटे परत येतात. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हाही होत्या म्हणतात. यंदा शाकारणी करायची आहे आणि कौलं परतणारा माणूस म्हणतोय की आत औषध मारू, एकदाचं सगळं साफ होईल. सासूबाईंना ते मान्य नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही, पण लेंड्या पडतात, वास येतो, तेही खरंच आहे.

हे घरात चालू असतानाच मुलीला (आठवीत आहे) शाळेत नामशेष प्राण्यांवर प्रोजेक्ट आलं. बाकीच्यांनी डोडो घेतला, चित्ता घेतला. हिला सापडलं ख्रिसमस आयलंड पिपिस्ट्रेल नावाचं एक वटवाघूळ, फोटो बघून ती मला म्हणाली आई ही तर आपलीच पाकोळी आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये शेवटचं नोंदलं गेलं आणि मग कधीच नाही. मी तेव्हा कॉलेजला होते हो, म्हणजे हे काही डोडोसारखं साडेतीनशे वर्षांपूर्वीचं नाही! शास्त्रज्ञ तिथे होते, यंत्रं लावलेली होती, सरकार ऑस्ट्रेलियाचं म्हणजे पैशाला कमी नाही, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. हे होतं कसं? मुलगी रोज विचारतेय आणि मला धड उत्तर देता येत नाहीये. ज्यांना माहिती आहे त्यांनी जरा सविस्तर सांगा, मराठीत याबद्दल काहीच सापडलं नाही.

रातकिडा

मृण्मयीताई, तुमच्या मुलीची नजर पक्की आहे. ती पाकोळी आणि तुमच्या वळचणीतली पाकोळी खरंच एकाच वंशातल्या, पिपिस्ट्रेलस. आपल्याकडे कोकणात, देशावर, मुंबई-पुण्यात दिव्याभोवती गिरक्या घेताना दिसतात त्यातल्या बऱ्याच याच. ख्रिसमस आयलंडवाली वजनाला ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे एक रुपयाचं नाणं तळहातावर ठेवा, झालं तेवढंच. रंग गडद तपकिरी, खाणं किडे. मी काही वर्षं वटवाघळांचे आवाज रेकॉर्ड करणाऱ्या एका गटाबरोबर सह्याद्रीत फिरलोय त्यामुळे या गोष्टीचा मी खूप पाठपुरावा केला होता, आणि आजही तिच्याबद्दल लिहायला बसलं की अस्वस्थ व्हायला होतं.

आधी जागा समजून घ्या. ख्रिसमस आयलंड हिंदी महासागरात आहे, जावा बेटाच्या दक्षिणेला साधारण ३५० किलोमीटर. मालकी ऑस्ट्रेलियाची पण पर्थपासून २६०० किलोमीटर लांब. सगळं बेट मिळून १३५ चौरस किलोमीटर, त्यातला निम्म्याहून जास्त भाग आता राष्ट्रीय उद्यान. १६४३ च्या नाताळच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज तिथून गेलं म्हणून हे नाव. माणसं खऱ्या अर्थाने राहायला आली ती १८८८ नंतर, फॉस्फेटच्या खाणीसाठी. त्याआधी बेटावर माणूसच नव्हता, म्हणजे तिथल्या प्राण्यांना झाडावर चढणारा साप, मांजर, घरउंदीर यातलं काही कधी माहीतच नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं इथेच येऊन अडतं.

या पाकोळीचं शास्त्रीय वर्णन १९०० साली झालं, नाव पिपिस्ट्रेलस मरेआय, सर जॉन मरे यांच्यावरून, हे मोठे समुद्रशास्त्रज्ञ आणि त्या बेटावरच्या फॉस्फेटच्या मागे लागलेले गृहस्थ. जगात दुसरीकडे कुठेही ही जात नव्हती. राहायची कुठे, तर वाळलेल्या झाडाची साल सुटून पोकळी होते ना, त्या सालीखाली. नाहीतर ताडामाडाच्या सुकलेल्या झावळीत, केवड्याच्या जातीच्या झाडांच्या वाळक्या पानांत. तुमच्या कोकणात केतकीची बनं असतात, तसलंच डोळ्यापुढे आणा. आणि मादीला वर्षाला एकच पिल्लू. उंदरासारखं भराभर वाढणारं हे प्रकरण नाही, एक वर्ष वाईट गेलं तर ते भरून काढायला कित्येक वर्षं लागतात.

आता घसरण. १९८४ च्या पाहणीत ही बेटभर सर्रास होती, कुणालाही काळजी वाटावी असं काही नव्हतं. १९९४ ला परत पाहिलं तर ईशान्येकडून, म्हणजे जिथे वस्ती आणि बंदर आहे तिकडून, गायब व्हायला लागलेली. पुढे दरवेळी पाहणी झाली की पट्टा पश्चिमेकडे सरकलेला. २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या कायद्याखाली 'अतिसंकटग्रस्त' यादीत टाकली. शेवटच्या माहीत असलेल्या सामूहिक विश्रांतीच्या जागेत ५४ होत्या, तीनेक वर्षांत, २००९ च्या जानेवारीला, त्या उरल्या ४. अख्ख्या बेटावर मिळून वीसेक असतील असा अंदाज होता.

वटवाघळांचे अभ्यासक तेव्हाच ओरडून सांगत होते की आता वाट बघू नका, पकडा आणि सुरक्षित ठिकाणी पैदास करा. मग तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल. मग त्यावर विचार. परवानगी जाहीर झाली १ जुलैला. टीम बेटावर जाऊन कामाला लागली तोवर ऑगस्ट उजाडला होता.

आणि तिथे त्यांना सापडली फक्त एक.

एकच पाकोळी रोज संध्याकाळी यायची, डिटेक्टरवर तिचा आवाज यायचा. ताई, हा डिटेक्टर काय असतो ते सांगतो म्हणजे मुलीला समजावता येईल. वटवाघळाची हाक आपल्या कानाच्या पलीकडची असते, हे यंत्र ती खाली आणून ऐकवतं. अंधारात उभं राहिलं की आधी नुसतं सुं सुं येतं, मग लांबून टक… टक… टक, म्हणजे ती उडत येतेय, जवळ आली की टकटकटकटक आणि किडा टिपायच्या क्षणाला त्या टकटकीची एक झर्रर्र अशी चिरक होते, कापड फाटल्यासारखी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आता कल्पना करा की तुम्ही तिथे उभे आहात आणि तुम्हाला माहीत आहे की हा टकटकाट करणारी जगात ही एकच उरलीय. तिच्या वाटेवर जाळी लावली, सापळे लावले, ती चुकवून जायची. अंधारात डासाएवढा किडा हेरणारा प्राणी तो, जाळ्याचा दोरा त्याला कळणारच. २६ ऑगस्ट २००९ ला तिचा आवाज आला. २७ ला नाही आला. त्यानंतर महिनोन् महिने यंत्रं लावून ठेवली तरी एकदाही नाही. २०१७ साली आययूसीएनने, म्हणजे संकटग्रस्त जातींची जागतिक यादी ठेवणाऱ्या संस्थेने, अधिकृतपणे नामशेष जाहीर केली.

खडकवासलेकर

वाचून खूप वाईट वाटलं. एक शंका आहे, कृपया वाद म्हणून घेऊ नका, मी खरंच समजून घ्यायला विचारतोय. जानेवारीत पकडायला परवानगी दिली असती समजा, तरी वीस प्राण्यांतून काय उभं राहिलं असतं? सगळी भावंडंच की ती. आणि ३ ग्रॅमचा जीव पिंजऱ्यात जगवणं म्हणजे किती खटाटोप. तो पैसा जिथे अजून आशा आहे अशा प्राण्यांवर लावावा असं कुणी म्हटलं तर ते अगदीच चूक आहे का? आमच्या शेतावर विहिरीत पडलेला कोल्हा काढायला वनखात्याची गाडी यायला दुपार झाली होती, त्यामुळे यंत्रणेची चाल मला नवीन नाही, पण प्रत्येक वेळी उशीर हेच कारण असतं असंही नाही.

सर्पमित्र_वाई

मी सापाच्या बाजूने थोडी भर घालतो कारण या गोष्टीत एक साप आहे आणि तो आपल्या ओळखीच्या घरातला आहे.

ख्रिसमस आयलंडवर १९८७ च्या सुमाराला एक वुल्फ स्नेक पोचला, बहुतेक मालाच्या पेट्यांतून. लायकोडॉन कापुसिनस. हा म्हणजे आपल्या कवड्याचा सख्खा भाऊबंद, पूर्वी तर कवड्याचीच उपजात मानायचे. ज्यांना कवड्या माहीत नसेल त्यांच्यासाठी, तपकिरी अंगावर पांढरट आडवे पट्टे, बिनविषारी, आणि मला महिन्याला दोन-तीन तरी फोन येतात की दादा लवकर या मण्यार निघालीय, जाऊन बघतो तर भिंतीला चिकटलेला कवड्या. भिंतीला चिकटलेला हे मुद्दाम सांगतोय. बाकीचे बरेच साप जमिनीवर फिरतात, हा गडी खरबरीत भिंत सरळ चढतो, वाशावर जातो, कौलाच्या सांदीत शिरतो, पाली शोधत. रात्री फिरतो. फटीत झोपलेलं काहीही त्याला मिळतं.

आता हाच स्वभाव घेऊन तो अशा बेटावर जातो जिथे सालीखाली झोपणाऱ्या पाकोळीच्या शंभर पिढ्यांनी असा साप पाहिलेला नाही. आपल्याकडच्या पाकोळ्या आणि पाली कवड्याबरोबर लाखो वर्षं राहिल्यात, त्यांना जागा कशी निवडायची ते कळतं. तिथल्यांना कुठून कळणार.

साप बंदराकडून पसरत गेला आणि पाकोळी बंदराकडूनच गायब होत गेली, तारखा जुळतात. बेटावरचे सरडे-पालीही त्याच दिशेने, त्याच क्रमाने संपत गेले. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर गुन्हा शाबीत झालेला नाही. बाहेरून आलेली मोठी गोम आहे, काळे घरउंदीर आहेत, मांजरं आहेत, आणि त्या पिवळ्या वेड्या मुंग्या, ज्यांनी तिथले लाल खेकडे कोटीच्या हिशोबात मारले. मुंग्यांवर विषारी आमिष टाकलं गेलं त्याचा परिणाम झाला का हीसुद्धा चर्चा झाली, पण घसरण त्याच्या आधीच सुरू झालेली होती. माझं मत विचाराल तर सापाने आणि गोमेने मिळून केलं. साप मला प्रिय आहेत तरी हे म्हणतोय. साप जागेवर असतो तेव्हाच तो चांगला.

अनिकेत_पर्थ

मी पर्थला राहतो, बारा वर्षं झाली. २०१८ च्या नोव्हेंबरात खेकड्यांचं स्थलांतर बघायला बायकोबरोबर ख्रिसमस आयलंडला गेलो होतो. मूळचा देवगडचा आहे त्यामुळे खेकडे म्हणजे मला काही नवल नाही असं वाटत होतं, पण तिथे पहिला पाऊस झाला आणि जंगलातून लाल खेकड्यांचा नुसता लोंढा निघाला समुद्राकडे. रस्ते बंद करतात. जिथे बंद नसतो तिथे लोक गाडीतून उतरतात, हातात दाताळं घेऊन खेकडे हळूच बाजूला सारतात, दहा फूट गाडी पुढे घेतात, परत उतरतात. कुणी कटकट करत नाही. चिनी, मलाय, गोरे सगळे मिळून दीड-दोन हजार लोकवस्ती असेल, आणि सगळे हे करतात.

म्हणून मला पाकोळीची गोष्ट तिथे जास्त लागली. डोळ्यांना दिसतं त्या खेकड्यासाठी अख्खं बेट थांबतं. रात्री ३ ग्रॅमचं काहीतरी उडायचं थांबलं ते गावातल्या किती जणांना कळलं असेल?

एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे पाकोळी हा शब्द दोघांना वापरतात, वटवाघळाला आणि त्या छोट्या पक्ष्यालाही, जो दिवसभर हवेत किडे टिपत फिरतो. तिथे ती पक्षी-पाकोळी भरपूर आहे, बेटाची स्वतःची जात आहे, दिवसभर डोक्यावरून सर्रकन जाते. फळं खाणारी मोठी वटवाघळंही आहेत, ती तर दिवसाउजेडी उडताना दिसली, मला आश्चर्य वाटलं. पण अंधार पडल्यावर आम्ही उतरलो होतो तिथल्या दिव्याखाली मी बराच वेळ उभा राहिलो. दिव्याभोवती किड्यांचा हा एवढा घोंगाट. आणि त्यातून एकदाही काही सपकन गेलं नाही. देवगडला आमच्या खळ्यातल्या बल्बखाली असं कधीच होत नाही, दोन मिनिटांत कुणीतरी येतंच. दिवसाची पाकोळी होती, रात्रीची नव्हती. बायकोला म्हटलं बघ, इथे काहीतरी नाही. तिला आधी कळेना मी काय दाखवतोय.

रातकिडा

अनिकेत, हे लिहिलंस ते बरं केलंस.

खडकवासलेकर काका, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्या वेळी तिकडेही हाच विचारला गेला होता. दोन उदाहरणं देतो. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरचा ब्लॅक रॉबिन हा छोटा पक्षी १९८० साली पाच उरला होता, त्यात अंडी देणारी मादी एकच. आज दोनशेच्या वर आहेत. म्हणजे पाचातून होऊ शकतं. दरवेळी होईल असं नाही, पण होऊ शकतं.

दुसरं उदाहरण त्याच बेटावरचं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाकोळी गेली त्याच सुमाराला तिथल्या दोन छोट्या जाती, निळ्या शेपटीची सापसुरळी आणि लिस्टरची पाल, अगदी शेवटच्या टप्प्यावर होत्या. त्या वेळेत पकडल्या, बेटावर आणि सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात वाढवल्या. आज त्यांची संख्या शेकड्यांत नाही, हजारांत आहे, २०१९ मध्ये कोकोस बेटांपैकी एका साप नसलेल्या छोट्या बेटावर निळ्या शेपटीच्या सोडल्यासुद्धा. तिसरी एक जात होती, जंगली सापसुरळी. तिच्या माद्याच तेवढ्या हाती लागल्या, नर मिळालाच नाही. शेवटची मादी, तिचं नाव गंप ठेवलं होतं, ती ३१ मे २०१४ ला मेली आणि जात संपली. एकच बेट, तेच शत्रू, तीच माणसं. दोन वाचल्या, दोन गेल्या, आणि फरक काही महिन्यांचा. पाकोळीच्या बाबतीत तर आधी ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराजवळ तिच्या जवळच्या जातीवर सराव करून पाहिला होता, पिंजऱ्यात कसं जगवायचं ते शिकायला. तयारी चालू होती हो. ज्यांच्यासाठी चालू होती त्या थांबल्या नाहीत.

पैशाचं म्हणाल तर पंधरा वर्षं पाहण्या झाल्या त्यालाही पैसा लागलाच की. मोजत राहिले. दर अहवालात आकडा आधीपेक्षा लहान. मोजणं वाईट नाही, मोजलं म्हणून तर आपल्याला आज एवढं माहीत आहे, पण ५४ चे ४ होईपर्यंत नुसतं मोजत राहायचं नसतं. कोणत्या आकड्याला पोचलो की काय करायचं हे आधी ठरलेलं हवं होतं, ते ठरलेलं नव्हतं. त्यात मंत्र्यांपासून खालपर्यंत एकट्या कुणाचं नाव घेऊन उपयोग नाही.

अजून एक, हे फारसं कुणाला माहीत नसतं. त्याच बेटावर हे आधी एकदा घडून गेलेलं आहे. १८९९ च्या आसपास 'हिंदुस्तान' नावाच्या आगबोटीतून काळे उंदीर उतरले. बेटाचे स्वतःचे दोन उंदीर होते, मॅक्लिअरचा आणि बुलडॉग उंदीर, इतके भरपूर की त्यातला एक रात्री माणसांच्या तंबूत-घरात शिरून हैदोस घालायचा. दहा वर्षांच्या आत दोन्ही जाती साफ. २००८ साली संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांचे डीएनए तपासले तेव्हा कळलं की बोटीतल्या उंदरांबरोबर रक्तातला एक परजीवी आला होता. म्हणजे शंभर वर्षांत बंदरातून उतरलेल्या पाहुण्यांनी या बेटाचं दोनदा असं केलं.

आणि हे सगळं लांब बेटावरचं म्हणून सोडू नका. बेळगावच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात बारापेडेची गुहा आहे. तिथे राटनचं फ्री-टेल्ड वटवाघूळ राहतं, १९१३ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि पुढे कित्येक दशकं साऱ्या जगात त्या एकाच गुहेतून माहीत होतं. गोव्याच्या हद्दीला लागून, मराठी बोलणाऱ्या गावांच्या शेजारी. एक गुहा म्हणजे एक बेटच की.

सर्पमित्र_वाई

मृण्मयीताई, कौलांचं विचारलंत ते राहूनच गेलं. औषध अजिबात मारू देऊ नका. कौलांखाली मेलेल्या पाकोळ्यांचा वास लेंड्यांपेक्षा शंभरपट, आणि औषध खाली माजघरात उतरतं ते वेगळंच. शाकारणी दुपारी करू नका त्या भागाची. संध्याकाळी सगळ्या बाहेर पडल्या की अर्ध्या तासाने बॅटरी घेऊन आत बघा, न उडणारी पिल्लं मागे राहिलेली दिसली तर तेवढा भाग महिनाभर पुढे ढकला. पिल्लं नसतील तर तिन्हीसांजेनंतर तेवढी कौलं परता आणि वळचणीला बोटभर फट तशीच ठेवा. खाली माजघराच्या बाजूने फळी नाहीतर जाड ताडपत्री ठोकून घ्या, लेंड्या त्यावर पडतात, वर्षातून एकदा झाडून माडाच्या आळ्यात टाकायच्या. नाकाला फडकं बांधून. आणि पाकोळी खाली पडलेली सापडली तर उघड्या हाताने धरू नका, चावते, जाड कापडाने उचलून खरबरीत भिंतीवर उंच लावून द्या, ती स्वतः जाते.

मृण्मयी_कुडाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला सगळं वाचून दाखवलं. आगबोटीचं नाव ऐकून ती एकदम गप्प झाली. अनिकेतदादांचं दिव्याचं वाचल्यावर उठून खळ्यातला बल्ब लावून आली आणि पायरीवर बसून राहिली.

कौलंवाल्याशी बोलले. आधी म्हणाला असलं काम कुणी सांगत नाही, पण शेवटी माजघरावरचा भाग रात्री करायला तयार झालाय, दोनशे रुपये जास्त घेणार आहे, घेऊ देत. त्याआधी काल आम्ही तिघी, सासूबाई, मुलगी आणि मी, वळचणीखाली खुर्च्या टाकून बसलो. सात वाजून पाच मिनिटांनी पहिली सुटली. सासूबाई बोटांवर मोजत होत्या, मुलगी वहीत रेघा मारत होती, दोघींचा आकडा जुळला नाही. वहीत एकतीस, सासूबाईंचे चौतीस. मग बॅटरी घेऊन माळ्यावर गेले, वाशाच्या खोबणीत दोन अगदी उघडी, गुलाबी पिल्लं एकमेकांना चिकटून होती, बोटाच्या पेराएवढी. शाकारणी पुढच्या महिन्यात. मुलगी म्हणतेय त्याच्या आदल्या दिवशी परत मोजायचं.

रातकिडा, एक शेवटचं विचारते, तो टकटक ऐकवणारा डिटेक्टर कुडाळ-सावंतवाडीकडे कुणाकडे एखाद्या संध्याकाळपुरता मिळू शकेल का? आम्ही जपून वापरू.

रातकिडा

ताई, माझाच आहे की. पुढच्या शनिवारी रत्नागिरीला येतोय, तिथून खाली यायला काही लांब नाही. सहाच्या आत पोचतो, पहिली सुटायच्या आधी.